पद्मिनीचा करंट अडतो कुठं?

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रातलं २१० मेगावॅटचं जनित्र १५.७५ किलोव्होल्टला वीज तयार करतं. प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखालची मूठभर आकाराची कॉईल प्लगला देते ते व्होल्टेजही साधारण तेवढंच, पंधरा-वीस हजार. फरक आहे तो प्रवाहाचा. पूर्ण भाराला जनित्रातून नऊ हजारांच्या आसपास अँपिअर वाहतात, तर प्लगच्या ठिणगीत अँपिअरचा जेमतेम काही शतांश. वीजकेंद्रात उभी नोकरी करून निवृत्त झालेल्या इथल्या एका तंत्रज्ञाला ही तुलना भारी आवडते. जुन्या गाड्या बाळगणारे त्यांना काका म्हणतात आणि गाडी नुसतीच रडायला लागली की त्यांच्याकडे घेऊन येतात. कार्ब्युरेटरला ते हात लावत नाहीत. करंटचं काम असेल तरच बोला!

येणाऱ्यांत पद्मिनीच जास्त. फियाट ११००ची ही देशी आवृत्ती, १०८९ सीसीची, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मुंबईत २००३ साली नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली. खाजगी गाड्या मात्र हौशी लोकांनी अजून जपल्या आहेत. पद्मिनीची ठिणगीची पद्धत तिच्याहून कितीतरी जुनी, अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगनं १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बसवलेली. कॉईलच्या आतल्या जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह जातो, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की तो तुटतो, चुंबकक्षेत्र कोसळतं आणि हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत उच्च व्होल्टेज उठतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. पॉइंट उघडतात किती? अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडे कमी. फीलर गेजची पाती आत सरकवून, डोळा बारीक करून लावायची ती फट.

आता नेहमीची तक्रार ऐका. "काका, बॅटरी नवीन, कॉईल नवीन, प्लगही नवीन. तरी सेल्फ उचलत नाही."

काका वैतागतात ते इथं. एवढे सुटे भाग बदलले, पण मोजलं कुणी काहीच नाही. मोजलं असेल तर मल्टिमीटरनं, आणि तेही गाडी स्वस्थ उभी असताना. गंजलेल्या टर्मिनलमधून, एका धाग्यावर तग धरलेल्या वायरमधूनही मल्टिमीटर खुशाल १२.६ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला प्रवाह लागतोच किती? सेल्फला शे-दीडशे अँपिअर हवे असतात. म्हणून काका मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरतात आणि मालकाला सांगतात, "मार सेल्फ." मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर रोग अर्थिंगच्या पट्टीत. पट्टी सोडवून, दोन्ही बाजू चकचकीत घासून परत आवळायची. खर्च पॉलिश पेपरचा. हीच पट्टी फार खराब झाली, तर सेल्फचा प्रवाह परतीची वाट चोककेबलमधून शोधतो आणि केबल हाताला चटका देण्याइतकी तापते. असली केबल बदलून आलेला माणूस भेटला, की काकांना हसू आवरत नाही.

मागच्या दिव्यांचंही तसंच. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, म्हणून लोक स्विच बदलतात. खरं तर दिव्याच्या होल्डरला बॉडीचा अर्थ मिळत नसतो आणि प्रवाह शेजारच्या बल्बच्या तारेतून घरी परततो. मीटरपेक्षा अशा वेळी दोन वायरी जोडलेला साधा बल्ब बरा. तो प्रवाह खातो, त्यामुळे लपवाछपवी उघडी पडते.

सगळ्यात चकवा देणारी तक्रार घाटातली. नाशिकहून मुंबईकडे निघालेली गाडी कसारा उतरते ठीक, परतीच्या चढाला गरम होऊन बंद पडते आणि अर्ध्या तासानं काही न झाल्यासारखी सुरू होते. कॉईल तापल्यावर तिच्या आतली तार तुटू शकते, थंड झाल्यावर पुन्हा जुळते. पण पेट्रोलच्या नळीत वाफ अडकली, तरी गाडी हुबेहूब असंच वागते. दोन्हींतला फरक गार गाडीत कुणालाच सांगता येत नाही. गाडी बंद पडली त्याच क्षणी कॉईलकडून येणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढून, तिचं टोक जाड कापडानं धरून धातूपासून थोडं दूर ठेवायचं आणि सेल्फ मारायचा. आजूबाजूला पेट्रोलचा वास नाही ना, हे आधी बघायचं. निळी, कडकडणारी ठिणगी आली तर कॉईल निर्दोष, शोध पेट्रोलकडे वळवा. पिवळी, मरगळलेली आली तर आधी पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरवर संशय. पॉइंटची तोंडं लवकर जळून काळी पडली असतील, तर तो संशय पक्का व्हायला लागतो. मात्र तेवढ्यावर निकाल देऊ नका, कारण पॉइंट जाळणारा आणखी एक गुन्हेगार बाजारातच मिळतो. जुन्या कॉईलच्या प्राथमिक तारेचा रोध ३ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे १२ व्होल्टला ४ अँपिअर. बाहेरच्या रोधाबरोबर वापरायची दीड ओहमची कॉईल कुणी थेट जोडली, तर प्रवाह दुप्पट होतो. दिसायला दोन्ही डबे सारखेच. दुकानदार रोध सांगत नाही, मालक विचारत नाही.

पावसाळ्यात वेगळंच नाटक. मिसिंग करणारी गाडी काका रात्री अंधारात मागवतात, बॉनेट उघडतात, इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारतात. सालं फाटलेल्या वायरीवरून निळी ठिणगी बाहेर पळताना दिसते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला तडा असेल तर त्यात पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ सापडते. त्या रेघेतून वीज गळते. टोपी पुसून भागत नाही, बदलावीच लागते.

हल्ली अनेकजण पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. रोज चालवायच्या गाडीला ते चांगलंच आहे, फट बिघडण्याची कटकट जाते. पण ते आडवाटेला बिघडलं तर दुरुस्त होत नाही, बदलावं लागतं. पॉइंटवाली गाडी स्क्रूड्रायव्हर आणि पॉलिश पेपरवर घरी येऊ शकते. पद्मिनी बाळगणाऱ्यांनी एवढं करावं: चालू गाडीतून काढलेला चांगला कंडेन्सर भंगारात टाकू नये. नवीन मिळतील, पण सगळेच टिकत नाहीत. त्यावर 'चालू' असं लिहून तो डिक्कीत ठेवावा.