वारा अडवत काझापर्यंत

कर्नाल, जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

निजामुद्दीनच्या पार्सल ऑफिसातून मोटारसायकल धडधाकट हाती आली. रेल्वेत चढवताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, त्यामुळे स्टेशनाबाहेर बाटलीभर पेट्रोल मिळवणं हे पहिलं काम. काझाच्या वाटेवर आज फक्त कर्नालपर्यंत आले. हायवेवर धुकं इतकं दाट होतं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा ट्रक अगदी पुढ्यात आल्यावरच दिसे. म्हणून दहा वाजेपर्यंत मुरथलच्या ढाब्यावर बसून राहिले आणि ऊन नीट वर आल्यावरच निघाले. इकडे थंडीत गाडी चालवायची तर पहाटे लवकर निघण्याची आपली सवय आधी सोडावी लागते.

तुम्ही म्हणाला होतात, तिकडची थंडी आपल्या निफाडपेक्षा काय वेगळी असणार? पारा पाहिला तर खरंच वेगळी नाही. निफाडला 5-6 अंशांवर उतरला की तुम्ही द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवता. इथेही आज सकाळी तेवढाच असेल. पण बागेत तुम्ही उभे असता, मी ताशी साठने जात असते. आपल्या कातडीलगत ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो, वारा तो सतत उडवून नेतो आणि शरीर नवा थर तापवत बसतं. 5 अंशांच्या हवेत ताशी 60 किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला उणे 2 सारखा लागतो. हवा शून्यावर असेल तर तोच वारा उणे 9 सारखा. म्हणजे वेग वीस किलोमीटरने कमी केला तरी थंडी कमी लागते, आणि धुक्यात तो कमी करायलाच हवा.

म्हणून माझा सगळा भर वारा अडवण्यावर आहे. नुसता जाड स्वेटर गाडीवर फार उपयोगाचा नाही, त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर जॅकेट, आणि सगळ्यांत वर आपला पावसाळ्यातला रेनसूट. आकाश कोरडं असलं तरी रेनसूट घालते. त्यातून वाराही जात नाही आणि धुक्याचा ओलावाही. तुम्ही पहाटे बागेकडे निघताना छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालता, ते अगदी बरोबर आहे. कागद वारा थांबवतो आणि घड्यांमध्ये हवा धरून ठेवतो. फक्त आतला सुती बनियन बदला. सूत घाम पिऊन ओलं राहतं, आणि ओलं कापड अंगातली ऊब भराभर काढून घेतं. माझा जुना थर्मल कपाटात वरच्या खणात आहे, तो तुम्हाला बसेल.

इथे बहुतेक स्कूटरच्या हँडलला रेक्झिनची जाड कव्हरं लावलेली दिसतात, आतून लोकरीसारखं अस्तर. हात त्यात घालून चालवायचं. दिसायला ओबडधोबड, पण महागड्या हातमोज्यांना जमत नाही ते काम ती करतात. मी एक जोडी घेतली. हात चटकन आत-बाहेर होतो ना, ब्रेक-क्लच अडत नाहीत ना, हे दुकानासमोरच पुन्हा पुन्हा पाहून घेतलं.

तुमची,
माई


रामपूर बुशहर

प्रिय बाळू,
अनेक आशीर्वाद.

शिमला मागे टाकून नारकंड्याला पोचले, तिथे 2700 मीटरवर रस्त्याच्या कडेला बर्फ होता. तिथून खाली सतलजच्या काठी रामपूरला उतरले, तर हवा एकदम मऊ. हा जुना हिंदुस्तान-तिबेट मार्ग. 1850 मध्ये, लॉर्ड डलहौसीच्या काळात, त्याचं काम सुरू झालं. आता तो राष्ट्रीय महामार्ग 5 आहे.

तुझ्या मित्रांबद्दल लिहिलंस, की ते गेल्या वर्षी साध्या जॅकेटवर इकडे येऊन गेले आणि आता ‘काही होत नाही रे’ असं सगळ्यांना सांगतात. मला याचा राग येतो. थंडी सोसण्यात शौर्य नाही. गारठलेल्या हाताने ब्रेकची पकड उशिरा येते, आणि डोंगरी रस्त्यावर तेवढा उशीर पुरतो. गाडीवर ऊब म्हणजे सुरक्षितता, तिला चैन समजू नकोस. पुढच्या वर्षी तू येणार आहेस, म्हणून हे नीट वाच.

बोटं आधी का गारठतात? शरीराला आतला गाभा वाचवायचा असतो. छाती-पोट थंड पडायला लागलं की ते हातापायांचा रक्तपुरवठा आखडून घेतं. म्हणून बोटं गार पडली की नुसते हातमोजे बदलून भागत नाही, आधी धड आणि मान बघ. गळ्याशी चेनच्या वर जी फट राहते तिथून वारा सरळ छातीवर उतरतो. मानेला लोकरी पट्टा घाल आणि त्याची कडा जॅकेटच्या आत खोच. मी शिमल्याच्या चढावर तेवढंच केलं आणि थोड्या वेळाने बोटांत जीव आला.

हातमोजे घट्ट नकोत. आत पातळ मोजा, वर वारा न शिरणारा मोठा मोजा, आणि आत बोटं हलायला जागा. पायांचंही तसंच. बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. एक चांगला लोकरी मोजा, एक नंबर मोठा बूट. हँडलच्या मुठी गरम करणारी विजेची सोय आता मिळते, ती तीस-चाळीस वॅट खाते. ती लावायची तर तुझ्या गाडीच्या चार्जिंगला तेवढं झेपतं का ते आधी विचार, नाहीतर मुठी गरम आणि बॅटरी रिकामी.

व्हायझरवर वाफ धरणं हा मोठा शत्रू. त्याच्या आत बसवायची दुसरी पातळ काच मिळते, दोन काचांमध्ये हवा कोंडते आणि वाफ धरत नाही. मी तीच लावली आहे. नसेल तर नाकावर पट्टी बांधून श्वास खाली सोडायचा आणि व्हायझर अगदी जरासा उघडा ठेवायचा. भांड्याच्या साबणाचा पातळ हात फिरवून कोरड्या कापडाने पुसला तरी काही तास निभावतं.

टायरची हवा रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी बघ. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी भरते. इंजिन ऑइलच्या डब्यावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं. पण कंपनीने तुझ्या गाडीला सांगितलेल्या आकड्यांच्या बाहेर जाऊ नकोस.

आणि दारूबद्दल. इकडे गारठलेल्याला कोणीतरी हटकून रमचा पेला पुढे करतो. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर जाते. घेऊ नकोस, रात्री मुक्कामालाही नको.

माई


कल्पा

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

तरांडा ढांकेवरून आले. कड्यात खोदलेला रस्ता आहे, डोक्यावर खडक टेकल्यासारखा आणि खाली दूर सतलज. तरांडा देवीच्या मंदिरापाशी ट्रकवाले थांबून हात जोडतात, मीही थांबले. आता 2960 मीटरवरच्या कल्प्यात आहे, आणि खिडकीसमोर किन्नर कैलास उभा आहे. संध्याकाळी त्यावरचं ऊन सगळ्यात शेवटी जातं.

या गावातल्या हिवाळ्याची एक गोष्ट तुला आवडेल. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 साली झाली, पण इथे, तेव्हा ‘चिनी’ नाव असलेल्या या गावात, ऑक्टोबर 1951 मध्येच मतदान उरकून घेतलं. बाकी देशाच्या वेळापत्रकाची वाट पाहिली असती तर बर्फाने वाटा बंद झाल्या असत्या. इथले शिक्षक श्याम सरण नेगी यांनी तेव्हा मत दिलं, आणि 2022 साली गेले तोवर स्वतंत्र भारताचा पहिला मतदार अशीच त्यांची ओळख राहिली.

तू दिलेले तिळाचे लाडू जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवते. बाहेरच्या खिशात ते दगडासारखे कडक होतात. थंडीत शरीर तापवायला अन्नच लागतं, आणि तीळ-गूळ-तुपाइतकं सोयीचं काही नाही. पोट रिकामं ठेवून मी एकदाही निघत नाही. पाण्याचीही काळजी करू नकोस. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जातच राहतं, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी ठेवून प्रत्येक थांब्यावर पिते.

थांबते खूप. बोटं दुखायला लागण्याआधीच थांबते, कारण एकदा आतून गारठलं की ऊब परत यायला फार वेळ लागतो. गाडी लावून जवळपास चालते, हात गोल फिरवते, बोटं काखेत धरते. कुडकुडणं वाईट नाही, तेव्हा शरीर लढत असतं. कुडकुडणं थांबून झोप यायला लागली, बोलणं अडखळू लागलं तर ते फार धोक्याचं. त्याच्या जवळपासही जायचं नाही, हे मी ठरवून आले आहे.

ज्यांच्या घरी उतरले त्यांच्या खोलीत मधोमध लोखंडी तंदूर आहे. त्यात लाकूड जळतं, धूर नळीने छतातून बाहेर जातो, आणि सगळं घर त्याच्याभोवती बसतं. माझे हातमोजे वर दोरीवर वाळतात. झोपायच्या खोलीत मात्र कोळशाची अंगिठी देऊ केली ती मी हात जोडून नाकारली. बंद खोलीत निखाऱ्यांचा जो वायू साचतो त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतला माणूस पुन्हा उठत नाही. त्याऐवजी पांघरुणात गरम पाण्याची पिशवी घेतली. छान झोप लागली.

तुझी,
माई


काझा

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

पोचले. सुखरूप आहे, हे आधी.

मनालीकडची कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते, म्हणून किन्नौरकडून यावं लागतं. पोवारीला टाकी काठोकाठ भरली, कारण पुढे पंपांचा भरवसा नाही. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून रस्ता वळणावळणाने नाकोकडे चढतो, झाडं संपतात, आणि उरतो तो तपकिरी डोंगर. उंचीची सवय व्हावी म्हणून नाकोला मुक्काम केला.

या टप्प्यात खरी भीती काळ्या बर्फाची. कड्यातून पाझरलेलं पाणी रात्री रस्त्यावर काचेसारखं गोठतं. खालचं डांबर जसंच्या तसं दिसतं, वाटतं नुसता ओला रस्ता आहे. ऊन न पोचणाऱ्या वळणांवर हा बर्फ दुपारपर्यंत टिकतो. म्हणून दहाच्या आधी निघायचं नाही आणि साडेतीनच्या आत मुक्कामाला. सावलीतलं वळण दिसलं की वेग आधीच, सरळ रस्त्यावर उतरवायचा, खालचा गिअर टाकायचा, आणि बर्फावर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. मलिंग नाल्यापाशी पाणी रस्ताभर गोठलं होतं. तिथे उतरले, पायाने चाचपलं, आणि समोरून आलेल्या बसच्या वाहकाने मागून धरलं तेव्हा गाडी पायी पार केली. वेळ लागला, लागू दे.

ताबोला थांबले. तिथला मठ 996 सालचा, मातीच्या भिंतींचा. आत शेकोटी नाही, दिवा नाही, विजेरीच्या उजेडात भिंतीवरची चित्रं पाहायची. हजार वर्षांचे रंग. कोरड्या थंड हवेत ते टिकले असावेत असं माझ्या मनात आलं. बूट काढून त्या जमिनीवर फार वेळ उभं राहवत नाही, तरी निघावंसं वाटत नव्हतं.

काझ्यात रात्री पारा उणे 20 च्या खाली जातो. नळ गोठलेले, पाणी बादल्यांनी आणतात, आणि घरातली सगळी माणसं दक्षिणेकडच्या, ऊन येणाऱ्या एका खोलीत राहतात. बाकीच्या खोल्या वसंतापर्यंत बंद. जॅकेट-हातमोजे विकत घेऊन मी इथवर आले, पण उन्हाकडे तोंड केलेली घरं आणि जाड मातीच्या भिंती बांधून थंडीशी राहायचं कसं, ते या लोकांकडूनच शिकावं. मी उतरले त्या घरातल्या आजींनी गाडीची बॅटरी पाहून विचारलं की हे काय जेवणाच्या खोलीत? रोज रात्री ती काढून तंदूरपासून हातभर अंतरावर ठेवते. थंडीत बॅटरीचा जोर घटतो आणि इंजिनाचं तेल घट्ट होतं, दोन्ही एकदम आडवं येतं. गाडीवर ताडपत्री आहे. सकाळी ऊन सीटवर आलं की बॅटरी बसवते आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते.

दिवसा बर्फावरून येणारं ऊन डोळे जाळतं, त्यामुळे काळा चष्मा घालते. सावलीत शिरण्याआधी तो उतरवते, नाहीतर काळा बर्फ दिसणारच नाही.

काल रात्रीपासून ढग आले आहेत, आणि इथले लोक बर्फ पडेल म्हणतात. मी निघणार नाही. ताज्या बर्फाखाली जुना बर्फ लपतो, आणि दोन चाकांना तिथे आधार नाही. रस्ता साफ करणारं यंत्र खालून येईल, बस सुटायला लागेल, मग तिच्या चाकोऱ्यांतून सुमदोपर्यंत उतरेन. तोवर आजींना लाकडं आत आणायला मदत करते आहे. फोनला रेंज कधी येते, कधी जाते. चार दिवस आवाज आला नाही तर घाबरू नका, मी याच घरात आहे.

तुमची,
माई