वेग आणि घाई

मैदानाच्या एका टोकास एक चिमुकली गाडी उभी होती. तिच्यात चालक नव्हता. तिचा चालक दूर उभा होता. बारा वर्षांचा मुलगा, हातात बिनतारी प्रक्षेपक आणि बोट त्याच्या चापावर. त्याने चाप ओढला मात्र, गाडीची मागची चाके गरगरली, धुळीचा लोट उठला आणि गाडी गिरकी घेऊन उलट्या तोंडाने उभी राहिली. तिसऱ्यांदा हेच घडले, तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

“दादा, हिच्यातच खोट आहे. साठवलेले पैसे मोडून मी दुसरी आणतो.”

थोरल्या भावाने गाडीच्या पोटातील लहानशा डबीकडे बोट दाखविले. “खोट हिच्यात नाही. या वेगनियंत्रकाला आपण काय सांगून ठेवले आहे, ते आधी पाहू.”

चापाची आज्ञा विद्युत्स्पंदाच्या रूपाने नियंत्रकाकडे जाते. स्पंद सेकंदाच्या सुमारे दीड सहस्रांशाएवढा असला, की गाडी स्तब्ध. तो दोन सहस्रांशांकडे वाढला, की पूर्ण वेग. त्यानुसार नियंत्रक मोटारीचा प्रवाह सेकंदास हजारो वेळा चालू-बंद करतो. चालू काळ जितका अधिक, तितकी शक्ती अधिक. १९८४ सालच्या ‘ग्रासहॉपर’सारख्या गाड्यांत हे काम एक यांत्रिक सरकता हात करी, वेगाच्या मोजक्या पायऱ्या असत आणि पुष्कळ वीज उष्णता होऊन वाया जाई.

आताच्या नियंत्रकांत ‘पंच’ नावाची योजना असते. चाप ओढल्यावर शक्ती किती झपाट्याने वाढावी, हे ती ठरविते. दुसरी योजना वक्राची. वक्र सौम्य असेल, तर अर्ध्या चापाला अर्ध्याहून कमी शक्ती मिळते. पूर्ण चापाला मात्र पूर्णच. डांबरी रस्त्यावर चाकांची पकड घट्ट, तेथे तीव्र पंच शोभतो. धुळीत पकड थोडी. जोर तिच्याहून अधिक झाला, की चाके घसरतात. घसरणारे चाक गाडीला बाजूलाही धरून ठेवू शकत नाही. म्हणून ती गिरकी घेते.

दादाने पंच कमी केला. गाडी संथपणे निघाली, सरळ धावली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकास पूर्ण वेगाने पोहोचली.

“दादा, वेग तर तेवढाच आहे!”

“वेग कमी केलाच नव्हता. कमी केली ती घाई.”

साठवलेले पैसे डब्यातच राहिले.