ओआरएसच्या पाकिटातला जमाखर्च

"डॉक्टर, ओआरएसमध्ये सोडियम असतं, क्लोरीन असतं. दोन्ही विषारीच ना? मग प्यायचं कसं?" दहावी-बारावीतली मुलं आई-वडिलांबरोबर दवाखान्यात येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. सोडियम धातूचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो आणि क्लोरीन वायू फुप्फुसं जाळतो. पण मीठ आपण रोज खातो. असं का, हे समजलं की ओआरएसचं पाकीट कसं वापरायचं हेही नीट लक्षात राहतं.

शाळेत शिकलेलं थोडं आठवून पाहा. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं आणि त्यात धनप्रभारित प्रोटॉन असतात. बाहेर ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात. सोडियमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन, तर क्लोरीनच्या अणूत १७ आणि १७. एका प्रोटॉनचा प्रभार जितका धन, तितकाच एका इलेक्ट्रॉनचा ऋण. त्यामुळे बेरीज शून्य होते आणि अणू विद्युतदृष्ट्या उदासीन राहतो. एखादा इलेक्ट्रॉन निसटलाच, तर उरलेला धनप्रभार आसपासचा इलेक्ट्रॉन ओढून घेऊ पाहतो. ही ओढ फार जबरदस्त असते, म्हणून निसर्गात जमाखर्च फार काळ बिघडलेला राहत नाही.

मीठ तयार होताना सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो. सोडियमकडे आता ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन, म्हणजे तो धन आयन. क्लोरीनकडे १७ आणि १८, म्हणजे तो ऋण आयन, त्यालाच आपण क्लोराइड म्हणतो. एकाचं देणं तेच दुसऱ्याचं घेणं, त्यामुळे एकूण हिशेब शून्यच. पेट घेणारा सोडियम आणि जाळणारा क्लोरीन आता उरलेलेच नाहीत. तुमच्या रिपोर्टवर 'सोडियम १४०' लिहिलेलं असतं, तो हा शांत झालेला आयन.

हा समतोल किती काटेकोर असतो? एक लिटर रक्तद्रवातल्या सोडियम आयनांचा धनप्रभार वेगळा काढता आला, तर तो साधारण १३,५०० कूलोम भरेल. आकाशातून वीज पडते तेव्हा साधारण १५ कूलोम प्रभार जमिनीवर येतो. म्हणजे शेकडो विजांइतका प्रभार तुमच्या अंगात आहे, आणि तरी तुम्हाला झटका बसत नाही. कारण तितकाच ऋणप्रभार क्लोराइड, बायकार्बोनेट आणि प्रथिनांच्या रूपाने शेजारीच असतो.

याच नियमावर आम्ही डॉक्टर रोज निदान करतो. समजा सोडियम १४०, क्लोराइड १०४ आणि बायकार्बोनेट २४ आहे. १४० मधून १२८ वजा केले की १२ उरतात. रक्त तर उदासीनच असलं पाहिजे, मग हे १२ गेले कुठे? ते प्रामुख्याने प्रथिनांचे असतात, त्यांची या तपासणीत मोजणी होत नाही. मधुमेही पेशंटमध्ये हाच फरक २५-३० झाला, तर रक्तात कीटोन आम्लं साठली असावीत अशी शंका आम्हाला लगेच येते. नुसत्या वजाबाकीने जीव वाचवणारं उपचारांचं पाऊल वेळेत पडतं.

आता ओआरएसचं पाकीट हातात घ्या. एक लिटर द्रावणात सोडियम ७५, पोटॅशियम २०, क्लोराइड ६५, सायट्रेट १० आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल. धन बाजू ७५ अधिक २०, म्हणजे ९५. सायट्रेटच्या प्रत्येक आयनावर तीन ऋणप्रभार असतात, म्हणून ऋण बाजू ६५ अधिक ३०, म्हणजे ९५. ग्लुकोजवर प्रभार नसतो. त्याचं काम वेगळं आहे: लहान आतड्यात ते सोडियमला आपल्याबरोबर आत घेऊन जातं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा उघडी असते, म्हणून ओआरएस काम करतं.

पण एक धोका इथेच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेला महापूर आला, तेव्हा निवारा केंद्रात एक आई जुलाब होणाऱ्या बाळाला ओआरएस पाजत होती. बाळ फार पीत नाही म्हणून तिने लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं होतं. मी ते ओतून टाकायला लावलं. जमाखर्च तिथेही जुळत होता, कारण पेल्यातही धन आणि ऋण सारखेच. पण सोडियम ७५ ऐवजी ३७५ झालं होतं! असं दाट द्रावण शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं, जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. प्रभार आपोआप जुळतो. पाण्याचं प्रमाण मात्र आपल्यालाच जुळवावं लागतं.

उलट बाजूही बघा. माण-खटाव किंवा आटपाडीच्या उन्हात दिवसभर घाम गाळून नुसतं पाणीच ढोसलं, तर सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ सुरू होतो. रक्त तेव्हाही उदासीनच असतं, सोडियम फक्त पाण्याच्या मानाने कमी.

म्हणून एवढं पाळा. लिटरचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच, एकदम पूर्ण विरघळवा. छोटं पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या पाण्यातच. वरून मीठ-साखर घालू नका. केलेलं द्रावण २४ तासांत संपवा, उरलेलं फेकून द्या. बाळाला चमच्याने, घोट-घोट पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. किडनी, हृदय किंवा रक्तदाबाचे पेशंट असाल तर आधी विचारा. मूल सुस्त झालं, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं किंवा पाणी पोटात ठरत नसेल, तर घरी वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात या.