न पोचलेला उजेड

ऑगस्ट बेअर हे नाव प्रथम ऐकले तेव्हा आमच्या वर्गात खसखस पिकली होती. पुढे पोटासाठी याच माणसाशी आपली जन्माची सोयरीक जुळणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी होते? पाथर्डीच्या बाजारपेठेत रक्त तपासण्याची माझी एक लहानशी खोली आहे. गेली कित्येक वर्षे ती या जर्मन गृहस्थाच्या जिवावर चालली आहे.

बेअर १८२५ साली ट्रिअर गावी जन्मला, बॉनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि १८६३ साली, अवघ्या ३८ व्या वर्षी वारला. रंगीत पाण्यातून तांबडा उजेड सोडायचा आणि पलीकडे किती पोचतो ते मोजायचे, असा त्याचा उद्योग! १८५२ साली त्याने जे मांडले, ते तुम्हाला स्वयंपाकघरातही पडताळून पाहता येईल. एका पेल्यात थोडा कोरा चहा घ्या आणि वरून त्याचा रंग पाहून ठेवा. आता त्यात तेवढेच पाणी घाला. चहा फिका झाला; पण पेल्यात तो दुप्पट खोलही झाला. वरून पाहाल तर रंग पहिल्याइतकाच गडद! उजेडाला वाटेत चहाचे कण तेवढेच भेटले ना? खोलीचा हिशेब बूगेर आणि लांबर्ट यांनी अठराव्या शतकातच केला होता. बेअरने त्याला दाटपणाची जोड दिली. तेव्हापासून, पलीकडे न पोचलेल्या उजेडावरून पाण्यात काय किती आहे, हे सांगता येऊ लागले.

रक्ताचेही तसेच. पूर्वी मी नळीतल्या रक्तात आम्ल घालून, थेंबथेंब पाणी सोडून, त्याचा रंग तपकिरी काचेशी डोळ्यांनी जुळवीत असे. त्यातही नियम बेअरचाच, पण मोजणारा डोळा माझा.

आमच्या तालुक्यात दसरा झाला की ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे हलू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. एका वर्षी, दिवेलागणीच्या वेळी, एक सून सासूला घेऊन आली. चालताना धाप लागते म्हणाली. मी नळी दिव्यासमोर धरली आणि कागदावर 'दहा' लिहून दिले. स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅम तरी असावे. पण दहावर आमच्याकडे कोण थांबतो?

खोलीत नवा कलरिमीटर येऊन तीनच दिवस झाले होते. रात्री हात बसावा म्हणून बाटलीत उरलेले तिचेच रक्त घेतले, औषधी द्रावणात मिसळले आणि त्यातून हिरवा उजेड सोडला. सात! पुन्हा केले. पुन्हा सातच. मिणमिणता दिवा आणि घरी जाण्याची घाई, या दोघांनी मिळून तिच्या अंगात तीन ग्रॅम रक्त घातले होते.

पहाटे सायकल काढली. गावात ट्रक भरून उभा होता. वर वळकट्या, भांडी, कोंबड्यांचे खुराडे, आणि त्यांत ती. मी खालूनच चूक कबूल केली.

"उचल घेतलीय ना, भाऊ," ती म्हणाली. "रगात कमी हाये म्हणून मुकादम सोडील व्हय?"

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात शेजारी उभी असलेली सासू म्हणाली, "उतर खाली. पोरांकडं तू बघ. माझं गठुडं घ्या वर."

मुकादम कुरकुरला, पण सून उतरली आणि सासू चढली.

सुनेने डॉक्टरांच्या गोळ्या नेमाने घेतल्या. पाडव्याच्या सुमारास दोघी माझ्याकडे आल्या. सुनेचे रक्त ११ भरले. म्हातारी हसत होती. मी म्हटले, "आता तुम्ही बसा, मावशी." तिने बोट पुढे केले. यंत्राने आठ सांगितले.

यंदाही दिवाळीच्या पणत्या लागतील तेव्हा त्या वस्तीवरची निम्मी घरे बंद असतील. बेअरच्या नियमाने मी रक्त मोजतो. ते कुठे जाते, हे मात्र मला त्या ट्रकपाशी कळले.