झाड, पाणी आणि आडोसा

आम्ही दोघी जावा. तीस वर्षांहून अधिक काळ एका घरात, एका चुलीवर काढला. त्यामुळे 'मी' म्हणायची सवयच उरली नाही. लिहायला बसलो तरी 'आम्ही' असेच कागदावर उतरते. वाचकांनी समजून घ्यावे.

आमचे घर पोफळीला, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. थोरलीचा मुलगा बोटीवर आहे, तेलाच्या टँकरवर. गेल्या वर्षी सुनेला दिवस गेले तेव्हा त्याने बेत केला होता की ऑक्टोबरात सुट्टीवर यायचे, तिला आठ दिवस मालदीवला न्यायचे आणि तिथे गरोदरपणाचे फोटो काढायचे. सुनेने मोबाइलवर आम्हाला तसले फोटो दाखवले. निळे पाणी, पांढरी वाळू, वाऱ्यावर उडणारा लांबलचक लाल झगा आणि पोटावर हात ठेवून उभी असलेली बाई. आम्ही आधी हसलो. थोरली म्हणाली, "अगो, आमच्या वेळेला पोट लपवायला ओढणी पुरत नव्हती, आणि तुम्ही ते दाखवायला समुद्रापार निघालात?"

पण बेत बेतच राहिला. बदली माणूस वेळेवर न आल्याने मुलाची सुट्टी दोन महिने पुढे गेली. डॉक्टरीणबाईंनीही सांगितले की बऱ्याच विमान कंपन्या अठ्ठावीस आठवड्यांनंतर दाखला मागतात आणि शेवटच्या महिन्यात बसूच देत नाहीत. शिवाय लहान बेटावर अचानक काही झाले तर मोठे इस्पितळ जवळ असतेच असे नाही. सून काही बोलली नाही, पण दोन दिवस जेवली नाही. मग मुलाचा फोन आला. म्हणाला, "अम्मी, मालदीव राहू दे. पण फोटो काढा. मी तिला या दिवसांत बघितलेलीच नाही. आलो तेव्हा दोन महिने झाले होते, आता येईन तेव्हा बाळ हातात असेल. मधले सगळे मला कुठे दिसणार?"

हे ऐकल्यावर आमचे हसणे थांबले. बेट नाही तर नाही, पण आपल्याकडे जागांना काय तोटा? आम्ही तिघी जागा शोधायला बसलो.

पहिले नाव निघाले सवतसड्याचे. चिपळूणजवळ परशुराम घाटातला हा धबधबा पावसाळ्यात महामार्गावरूनही दिसतो. पण जेव्हा तो बघण्यासारखा असतो तेव्हा तिथे जत्रा असते, आणि खडकांवर शेवाळ. गरोदर बाईचा तोल पुढे गेलेला असतो, पाय कुठे पडतो ते तिला स्वतःला दिसत नाही. आता तर नोव्हेंबर लागला होता आणि पाणीही ओसरले होते. ते नाव खोडले.

दुसरा कुंभार्ली घाट. वरून कोकणची हिरवळ दिसते, खाली कोळकेवाडीचे पाणी चमकते. पण रस्ता चिपळूण-कऱ्हाडचा, ट्रकांची रीघ, वळणे आणि खड्डे. फोटोसाठी कठड्याशी उभे राहायचे म्हणजे पाठीला ट्रक आणि पुढ्यात दरी. वर येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हर-क्लीनरच्या नजरा वेगळ्याच.

तिसरे, धरणाचे पाणी. आमच्या पोफळीची ओळखच कोयनेच्या विजेने. सह्याद्री पोखरून बोगद्यांतून कोयनेचे पाणी इकडे आणले आणि डोंगराच्या पोटातल्या वीजघरात १९६२ साली पहिले यंत्र फिरले. तिथे फोटोला मनाई, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग सून म्हणाली, खाली नदीच्या पात्रात चांगले गोटे आहेत, तिथे जाऊ. थोरलीचे घरधनी प्रकल्पावर नोकरीला होते, ते ओट्यावरून ओरडले, "अजिबात नाय! मशीन चालू झाले की पाणी वाढते." ते खरेच आहे. पोफळीला वीज करून झालेले पाणी कोळकेवाडीला साठते, तिथून अलोरेच्या वीजघरात पुन्हा वीज होते आणि मग ते वाशिष्ठीला मिळते. विजेची मागणी वाढली की आभाळ कोरडे ठणठणीत असतानाही नदी फुगते. नदी कशी असते हे २२ जुलै २०२१ ला चिपळूणने पाहिलेच आहे. ते नाव आम्ही दोनदा खोडले.

चौथे, चिपळूणची खाडी. होडी, कांदळवने, मधली बेटे. मालदीव नाही तर निदान वाशिष्ठीचे बेट! पण त्या खाडीत मगरी आहेत आणि लोक त्या मगरीच बघायला होडीतून जातात. सून पहिल्यांदा मोकळी हसली. म्हणाली, "चाची, फोटोत मगर आली तर ते बोटीवरून उडी मारतील." पाचवे गुहागर. समुद्र, सुरूची झाडे, सगळे छान. पण पोफळीहून चिपळूण वीसेक किलोमीटर आणि तिथून गुहागर आणखी पंचेचाळीस. सातव्या महिन्यात जाऊन-येऊन एवढे हादरे कशाला?

एवढ्यात गल्लीत बातमी फुटली. आमच्याकडे बातमीला पाय नसतात, पंख असतात. शेजारची फुफी आली. "पोटुशा बाईचा फोटो? नजर लागेल. आणि हे आपल्यात बसत नाही." फोटोबद्दल उलेमांमध्ये एकमत नाही हे आम्हालाही माहीत आहे. पण हजला गेलेल्या फुफीच्या पासपोर्टवरही फोटो आहेच. तिचे मन दुखवायचे नव्हते, म्हणून आम्ही एवढेच म्हणालो, "फुफी, फोटो काढणारी मुलगी असेल. फोटो घरात राहतील, कुठे टाकणार नाही." ती गप्प बसली, पण पटले नाही हे तिच्या चहाच्या घोटावरून कळत होते.

हे खूळ अमेरिकेतून आले असे फुफीचा नातू म्हणाला. अर्धे खरे आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये 'व्हॅनिटी फेअर' मासिकाच्या मुखपृष्ठावर डेमी मूर या नटीचा सात महिन्यांची गरोदर असतानाचा फोटो छापला गेला. ॲनी लीबोवित्झने काढलेला. तिकडेही त्यावर गदारोळ झाला होता. काही दुकानांनी मासिक कागदात गुंडाळून विकले. आज आपल्याकडे स्टुडिओवाले जे पोज देतात त्यांचे मूळ त्या फोटोत आहे.

पण सगळेच तिकडचे नाही. आम्ही नव्या नवऱ्या होतो तेव्हा इथल्या प्रकल्पाच्या कॉलनीत शेजारणींच्या डोहाळजेवणांना जायचो. फुलांनी मढवलेला झोपाळा, पुठ्ठ्याची होडी, कागदाची चंद्रकोर, त्यात हिरव्या साडीतली गर्भारशी, दंडाला-गळ्याला फुलांचे दागिने. वाटीखाली पेढा निघतो की बर्फी यावर हशा. बागेतले डोहाळजेवण, नावेतले, चांदण्यातले असे त्याचे प्रकार. शेवटी फोटोवाला यायचा. म्हणजे देखावा निवडून गर्भार बाईचा फोटो काढणे हे या मातीला नवे नाही. आमच्याकडेही सातव्या महिन्यात ओटी भरायचे, पण आतल्या खोलीत, दार लोटून, बायकांबायकांत. कॅमेरा त्या खोलीत कधी आला नाही.

आमच्या सासूबाईंची, अम्मांची, गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या आठव्या महिन्याच्या होत्या. पोटात आमच्यातल्या धाकटीचे घरधनी. हादरे थांबेनात, म्हणून कितीतरी रात्री सगळे घर अंगणात. अम्मा आंब्याच्या बुंध्याला टेकून, गोधडी लपेटून बसायच्या. त्या म्हणायच्या, "तेवढे दिवस मला सगळ्यांनी उघड्यावर बघितले. सासऱ्यांनीसुद्धा विचारले, बाय, बरी आहेस ना?" एरवी पोटुशा सुनेकडे सासऱ्याने बघायचे नाही अशी रीत. ती विचारणा अम्मा मरेपर्यंत विसरल्या नाहीत. त्या दिवसांतला त्यांचा फोटो नाही. असता तर काय झाले असते, असे आता वाटते.

आणि आता जे लिहायचे ते आमच्यातल्या धाकटीचे. लिहावे की नाही यावर आम्ही चार दिवस भांडलो. शेवटी तीच म्हणाली, लिही.

१९९५ च्या जुलैत, आठव्या महिन्यात, तिचे बाळ गेले. मुलगी होती. रडली नाही. त्याच दिवशी पुरुषांनी तिला कबरस्तानात नेले. धाकटी त्या वेळी इस्पितळात होती, तिने तोंडही नीट पाहिले नाही. घरी आली तेव्हा पोट सपाट आणि हात रिकामे. कोणी काही बोलले नाही. बोलणार तरी काय? ती गरोदर आहे हेसुद्धा आठ महिन्यांत कोणी मोठ्याने बोलले नव्हते. ओढणीखाली लपवलेले होते, ओढणीखालीच संपले. पुढे अल्लाहने दोन मुलगे दिले, पण त्या मुलीची खूण म्हणून घरात एक टाका घातलेले झबलेसुद्धा राहिले नाही. धाकटी म्हणते, "कधी कधी वाटायचे, मी हे स्वप्नात तर बघितले नाही ना?"

म्हणून सुनेच्या फोटोंसाठी सगळ्यात जास्त हट्ट धरला तो धाकटीने.

जागा मात्र ठरत नव्हती. एका जुम्याला सून सूरह मरियम पढत होती. आपल्याकडे गरोदर बाईने ती पढायची पद्धत आहेच. तिने अर्थ वाचून दाखवला. हजरत मरियम लोकांपासून दूर गेल्या, कळा सुरू झाल्या तेव्हा खजुराच्या बुंध्याशी आल्या, आणि आपण याआधीच मेलो असतो तर बरे, असे म्हणाल्या. तेव्हा त्यांना सांगितले गेले की दुःख करू नकोस, तुझ्या पायाखाली झरा आहे, झाड हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी, डोळे थंड कर. आम्ही हे आयुष्यभर ऐकलेले. पण त्या दिवशी थोरली मध्येच म्हणाली, "म्हणजे काय काय दिले? झाड दिले, पाणी दिले, खायला दिले, आणि लोकांच्या नजरेपासून आडोसा दिला. एवढे आपल्या वाडीत नाय काय?"

खरेच होते. घरामागे आमची पोफळींची वाडी आहे. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. गावाच्या नावातच ते आहे. वाडीच्या कडेने पऱ्या वाहतो, नोव्हेंबरात घोटाभर पाणी असते. तीन बाजूंनी गडगा, चौथ्या बाजूला घर. न्हाणीघर वीस पावलांवर. इतके दिवस आम्ही नकाशा पालथा घालत होतो आणि जागा चुलीच्या मागे होती.

चिपळूणहून फोटोवाली मुलगी एक दिवस आधी येऊन जागा बघून गेली. तिच्याकडून आम्हीही शिकलो. असे फोटो साधारण अठ्ठावीस ते चौतीस आठवड्यांच्या मध्ये काढतात. पोट दिसते आणि बाईला उठबस जमते. भर दुपारचे ऊन नको, डोळ्यांखाली सावल्या पडतात. सकाळचे कोवळे ऊन चांगले, पण आमच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत, सूर्य डोंगरावर येईतो त्याचा कोवळेपणा संपलेला असतो. म्हणून असरनंतरची वेळ ठरली. पश्चिमेकडून तिरके ऊन पोफळींमधून येते आणि मागचा डोंगर उजळतो. मगरीबच्या वेळी पोटुशीने झाडाखाली थांबू नये हा फुफीचा नियम आम्ही मान्य केला. अजानआधी सगळे आवरायचे. धाकटीच्या घरधन्यांनी आदल्या दिवशी कोयत्याने गवत काढले, पाला झाडला. आमच्याकडे फुरसे पाल्यात बसते, दिसत नाही. एक लाकडी खुर्ची ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि वाटीत खजूर.

झगा आणला नव्हता. सुनेने अम्मांची हिरवी जॉर्जेटची साडी नेसली. दर दहा मिनिटांनी ती बसायची, खजूर खायची. फोटोवाली म्हणाली, "पोटाकडे बघा." सून बघायची आणि आपोआप हसायची. ते हसू सांगून आणता येत नाही. फुफी गडग्यापलीकडून बघत होती. थोड्या वेळाने आत आली आणि सुनेच्या कानामागे काजळाचे बोट लावून गेली.

शेवटी सून म्हणाली, "अम्मी, चाची, तुम्ही पण या." आम्ही नको नको म्हणत उभ्या राहिलो. धाकटी कडेला सरकत होती. सुनेने तिचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. धाकटीने हात काढून घेतला, मग परत ठेवला. तेवढ्यात कॅमेरा वाजला आणि पाठोपाठ मशिदीतून अजान झाली.

फोटो बोटीवर गेले. मुलाचे उत्तर बंदराला लागल्यावर, तिसऱ्या दिवशी आले. लिहिले होते, "सगळे फोटो चांगले आहेत. पण चाचीचा हात असलेला मी केबिनमध्ये लावला आहे." जानेवारीत तो आला तेव्हा मुलगी दहा दिवसांची होती.

आता गल्लीतल्या दोन-तीन पोरींनी विचारले की फोटोला कुठे जाऊ. आम्ही सांगतो, लांबचा देखावा नंतर बघा. आधी बघा की बसायला जागा आहे का, पाय घसरणार नाही ना, आडोसा आहे का, दवाखाना किती लांब, आणि जिच्या खांद्यावर हात टाकाल ती बाई सोबत आहे का.

तो तिघींचा फोटो अम्मांच्या पत्र्याच्या पेटीत निकाहनाम्यांबरोबर ठेवला आहे. धाकटीने त्याच्या मागे पेन्सिलीने दोन तारखा लिहिल्या आहेत. एक त्या संध्याकाळची. दुसरी जुलै १९९५ मधली.