जन्माला येण्याचा खर्च

लिनक्सवर एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला कामाला लावतो, तेव्हा आधी एक विचित्र गोष्ट घडते. तो स्वतःचीच नक्कल काढतो आणि मग ती नक्कल स्वतःला पुसून नव्या प्रोग्रामचं रूप घेते. पहिली पायरी फोर्क, दुसरी एक्झेक. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळापासून, म्हणजे 1970च्या दशकापासून, हे असंच चालत आलंय. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला पोराला पाठवायचं, तर आधी अख्खं घर दुसऱ्यांदा बांधायचं आणि पोरगं दाराबाहेर पडलं की ते पाडायचं, तसला प्रकार.

अर्थात, फोर्क सगळी मेमरी लगेच कॉपी करत नाही. कुणी एखाद्या पानावर लिहायला गेलं, तरच त्या पानाची प्रत निघते. पण कुठलं पान कुठे आहे याची यादी, म्हणजे पेज टेबल, मात्र उतरवून घ्यावं लागतं. एक पान साधारणपणे 4 केबीचं. 10 जीबी मेमरी धरून बसलेल्या प्रोग्रामची अशी सुमारे 26 लाख पानं होतात. प्रत्येकाची 8 बाइटची नोंद धरली, तर नुसती यादीच 20 एमबीची.

आमच्याकडे रात्री चालणारं असंच एक काम होतं. पायथनमधला एक प्रोग्राम बराच डेटा मेमरीत घेऊन बसायचा आणि हजारो पीडीएफसाठी एक छोटं टूल पुन्हा पुन्हा चालवायचा. डेटा वाढला तसे सकाळचे रिपोर्ट उशिरा येऊ लागले. मोठं मशीन घ्यायचं जवळपास ठरलंच होतं. मी फक्त टूल सुरू व्हायला लागणारा वेळ मोजला: एकदा रिकाम्या प्रोग्राममधून, एकदा डेटाने भरलेल्या. टूलचं काम दोन्हीकडे तेवढंच. फरक होता तो त्याच्या जन्माला लागणाऱ्या वेळात. मेमरी वाढवून ती यादी काही लहान होणार नव्हती.

उपाय आधीच तयार होता. ऑक्टोबर 2021मध्ये आलेलं पायथन 3.10 लिनक्सवर शक्य तिथे फोर्कऐवजी व्हीफोर्क वापरतं. यात मूल पालकाच्याच मेमरीत तात्पुरतं राहतं आणि त्याचं एक्झेक होईपर्यंत पालकाचा तो थ्रेड थांबून राहतो. यादी उतरवायचीच नाही. गो भाषेनेही 2017मध्ये, 1.9 आवृत्तीत, हाच मार्ग धरला होता.

गंमत म्हणजे व्हीफोर्क नवं नाही. 1979च्या सुमारास ते बर्कलीच्या बीएसडीत आलं, पुढे बदनाम झालं आणि 2008च्या पॉझिक्स मानकातून वगळलंही गेलं. कारण साधं आहे. मूल उसन्या घरात राहतंय. त्याने तिथे काही हलवलं, तर पालकाला परत आल्यावर तसंच सापडणार. म्हणून पायथन त्या क्षणापुरते सगळे सिग्नल अडवून ठेवतं, मुलाला मोजकीच कामं करू देतं, आणि तुम्हाला मुलामध्ये स्वतःचं पायथन फंक्शन चालवायचं असेल, तर गुपचूप जुन्या फोर्ककडे वळतं.

आम्ही आवृत्ती बदलली. आमच्या कोडची एक ओळही बदलली नाही. रिपोर्ट वेळेवर येऊ लागले, मशीनची खरेदी बारगळली. कुणीतरी त्या बदनाम फंक्शनचे धोके एकेक करून तपासले, कुठला खरा, कुठला टाळता येण्याजोगा ते पाहिलं, आणि ती मेहनत स्टँडर्ड लायब्ररीत ठेवून दिली. त्यांना आमचं ऑफिस माहीतही नाही.

तुमचा प्रोग्राम दुसऱ्यांना कामाला लावत असेल आणि रेंगाळत असेल, तर काम किती वेळ घेतंय हे मोजण्याआधी ते सुरू व्हायला किती वेळ लागतोय ते मोजा.