दोन दिवसांची दिल्ली

शुक्रवार, रात्रीचे अकरा. बॅग अर्धी भरून पडलीय. पुण्याहून विमानाने दोनेक तास. पण घर ते हॉटेल धरलं की अर्धा शनिवार गेलाच. सोमवारची रजा जोडावी, तर लाल किल्ला नेमका सोमवारी बंद. त्यात जानेवारीतलं धुकं! विमान सुटेल तेव्हा खरं.

मार्च १७३७मध्ये पहिला बाजीराव दिल्लीवर धडकला, तालकटोऱ्याजवळ लढला आणि दोन-तीन दिवसांत माघारी वळला. त्याला कुतुबमिनार बघायचा नव्हता म्हणा.

मला तरी कुठे सगळं बघायचंय? हुमायूनच्या कबरीवरचं उतरतं ऊन, निजामुद्दीनच्या गल्लीतले कबाब. बस्स.

स्वेटर काढला. मफलर सापडत नाहीये. आईला विचारावं, तर ती आधी म्हणेल, “एवढ्या थंडीत कशाला जातोस?”